एस्टोनियात नवीन आलात? आधी 'हेआ' हा एकच शब्द नीट शिकून घ्या

तार्तूला मास्टर्स करायला आलेले असोत नाहीतर टॅलिनला आयटीतल्या नोकरीसाठी आलेले, आपले लोक एस्टोनियन शिकायला घेतात मोठ्या उत्साहाने आणि सोडतात ते बहुतेक एकाच ठिकाणी, १४ विभक्त्यांचा तक्ता दिसला की. शाळेत रामः रामौ रामाः करताना ज्यांना घाम फुटायचा त्यांचं तर विचारूच नका. त्यात इथे इंग्रजीवर सगळं निभावतं, दुकानात, ऑफिसात, बँकेत कुठेही, मग कशाला डोकेफोड असं वाटणं साहजिक आहे. पण माझं म्हणणं असं की तो तक्ता सध्या राहू द्या बाजूला, एकच विशेषण घ्या, तेही दिवसभर कानावर पडणारं, आणि ते ज्या ज्या वाक्यात लोकांच्या तोंडी येतं ती वाक्यं आहेत तशी उचला, निम्म्या विभक्त्या त्यातच येऊन जातात आणि कळत पण नाही.

ते विशेषण म्हणजे 'हेआ'. रोमन लिपीत एच, ई, ए, बस. अर्थ चांगला, चांगली, चांगलं, तिन्ही. एस्टोनियनमधे लिंगच नाहीये, तो आणि ती दोघांसाठी एकच 'ता', त्यामुळे आपल्याकडचा तो-ती-ते चा घोळ इथे शून्य. तेवढीच एक सूट मिळालीये असं समजा कारण पुढे वसुली आहे.

पायरी १: आधी तोंडात बसवा

'हे' आणि 'आ' तोडून नाही म्हणायचं, एका दमात, आणि शेवटचा आ जरासा ॲ कडे झुकतो, म्हणजे ऐकायला 'हेॲ' असं येतं. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, हा नियम जवळपास सगळ्याच एस्टोनियन शब्दांना लागू आहे. बोलताना लोक सुरवातीचा ह खाऊन टाकतात त्यामुळे नुसतं 'एआ' ऐकू आलं तर तो पण हाच शब्द. कोणी 'हॅॅ' म्हणालं तरी हाच, तो बोलीतला उच्चार.

शब्दाच्या शेवटी डी हे अक्षर असेल तर ते आपल्या द आणि त च्या मधलं, जरा मऊ त सारखं येतं. मी इथे 'हेआद' लिहिणार आहे पण म्हणताना द वर दाब देऊ नका. आणि एक तो ओ वर नागमोडी रेघ असलेला स्वर, ज्याला युरोपातली बाकी मंडळी घाबरतात, तो आपल्या 'अ'च्या बराच जवळ आहे, जीभ जरा मागे ओढून म्हणा, काम होतं. इथे आपल्याला खरंच फायदा आहे, स्पॅनिश किंवा इटालियन माणूस या स्वराला महिनोन्महिने झगडत असतो.

पायरी २: शुभेच्छांपासून सुरू करा, व्याकरणापासून नाही

दुकानात बिल झालं की कॅशियर म्हणते 'हेआद पॅएवा', दिवस चांगला जावो. संध्याकाळी 'हेआद अह्तुत'. शुक्रवारी दुपारनंतर ऑफिसात जो तो जाता जाता 'हेआद नॅदालावाहेतुस्त', वीकेंड चांगला जावो, हा शब्द लांबलचक आहे पण दर आठवड्याला वापरायला मिळतो म्हणून पाठ करून टाका. जेवायला बसलेल्याला 'हेआद इसु', इसु म्हणजे भूक. ऑफिसच्या किचनमधे कोणी डबा उघडून बसलंय आणि तुम्ही पाणी घ्यायला गेलात तर एवढं म्हणून पुढे जायचं, एरवी गप्प गप्प असणारी माणसं पण हे म्हणतात. प्रवासाला निघालेल्याला 'हेआद रेइसि'. झोपताना 'हेआद ओओद', इथला ओ म्हणजे ओठ ओ चे ठेवून आवाज ए चा काढायचा, पहिले काही दिवस आरशासमोर करा हसू येईल पण जमेल. निरोप घेताना 'हेआद आएगा', शब्दशः चांगला वेळ, दुकानात, ऑफिसात, वयस्कर माणसाशी हे चालतं, मित्रमंडळीत मात्र 'चाउ' वगैरे जास्त.

उत्तर द्यायचं तर 'आइतॅह, तेइले का', म्हणजे थँक्यू, तुम्हालाही. ओळखीचं असेल तर 'सुल्ले का', तुलाही. हा 'का' आपल्याला प्रश्नासारखा ऐकू येतो, पण तो तिथे 'सुद्धा' आहे, गोंधळू नका.

आता बघा, या सगळ्यात 'हेआ' नाहीये, 'हेआद' आहे. का, तर पुढे एक न बोललेलं क्रियापद आहे, 'सोओविन', मी इच्छितो. पूर्ण वाक्य 'सोओविन सुल्ले हेआद अह्तुत'. ज्याची इच्छा करायची ते कर्म, आणि असं कर्म ज्या विभक्तीत जातं तिला इथले पुस्तकवाले ओसास्ताव म्हणतात, ओसा म्हणजे भाग. विशेषण त्या विभक्तीत गेलं की मागचं नामही जातं, म्हणून संध्याकाळ म्हणजे 'अह्तु' चं 'अह्तुत' झालं. एवढं कळलं तरी पुष्कळ, पुढे कुठेही शुभेच्छा द्यायची वेळ आली की आपोआप 'हेआद' तोंडात येईल. २४ फेब्रुवारीला, १९१८ साली याच तारखेला स्वातंत्र्याची घोषणा झाली होती, त्या दिवशी सगळीकडे 'हेआद वाबारीगि आस्तापॅएवा' दिसेल. नवीन वर्षाला 'हेआद ऊत आस्तात', इथे ऊत म्हणजे नवीन, तेही त्याच विभक्तीत, म्हणजे दोन विशेषणं असली तर दोघांनाही रांगेत उभं राहावं लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा, भेटल्यावर 'हेआद' नाही, 'तेरे'. सकाळी 'तेरे होम्मिकुस्त', दिवसा 'तेरे पॅएवास्त', संध्याकाळी 'तेरे अह्तुस्त'. आपण इंग्रजीच्या सवयीने सकाळी भेटल्या भेटल्या 'हेआद होम्मिकुत' म्हणायला जातो, समजतं त्यांना, पण 'हेआद' बहुतेक वेळा निघताना म्हणायचं असतं. भेटताना तेरे, निघताना हेआद, एवढं डोक्यात फिट करा.

डिसेंबरात अजून एक रूप येतं. 'हॅइद यउले', ख्रिसमसच्या शुभेच्छा, आणि 'हॅइद प्यूही', सणाच्या. हे 'हॅइद' म्हणजे 'हेआद'चंच अनेकवचन, कारण ख्रिसमस आणि सण हे शब्द इथे अनेकवचनी वापरतात. त्यामुळे ग्रीटिंगवर एका ओळीत दोन्ही असतात, 'हॅइद यउले या हेआद ऊत आस्तात', 'या' म्हणजे आणि. माझ्या मते या एका ओळीत एकवचन-अनेकवचनाचा जितका धडा आहे तितका अख्ख्या चॅप्टरमधे नसतो, पाठच करा.

पायरी ३: आता नामाच्या मागे लावून बघा, आणि इथे मराठी कामाला येते

हा भाग जरा सावकाश वाचा. मराठीत आपण 'चांगला मुलगा' म्हणतो पण 'ला' लावलं की 'चांगल्या मुलाला'. म्हणजे विशेषण फक्त सामान्यरूपात जातं आणि प्रत्यय एकदाच, नामाला. 'चांगल्याला मुलाला' असं कोणी म्हणत नाही. एस्टोनियन नेमकं तेच म्हणतं. 'हेआस मायास', चांगल्यात घरात, दोघांच्या मागे स. इथल्या एका म्हणीत 'हेआल लाप्सेल मितु निमे' असं आहे, चांगल्या मुलाला नावं अनेक, त्यात दोघांच्या मागे ल. एकाच गोष्टीला दोन-तीन नावं निघाली की लोक ही म्हण सहज फेकतात, मीटिंगमधे प्रोजेक्टच्या नावावरून वाद चालू असेल तर टाकून बघा.

हे रूप रोज डोळ्यासमोर येतं ते सेकंडहँड वस्तूंच्या जाहिरातीत. नवीन आलेला प्रत्येकजण सायकल, टेबल, बाळाची गाडी शोधत असतो, तिथे लिहिलेलं असतं 'हेआस सेइसुकोर्रास', चांगल्या अवस्थेत, आणि त्याच्या आधी 'वॅगा' असेल तर खूप चांगल्या अवस्थेत. दोन्ही शब्दांच्या शेवटी एस दिसला की समजा 'मधे'. हे दोन शब्द ओळखता आले की निम्मी जाहिरात वाचल्यासारखीच आहे, उरलेला असतो तो आकडा.

पण १४ पैकी शेवटच्या चार विभक्त्यांमधे एस्टोनियन चक्क मराठीसारखं वागतं. पर्यंत, म्हणून, शिवाय, सह हे चार अर्थ. तिथे विशेषणाला प्रत्यय लागत नाही, ते आपल्या सामान्यरूपासारख्या एका रूपात थांबतं आणि प्रत्यय फक्त नामाला. चांगल्या मित्राबरोबर म्हणजे 'हेआ सब्रागा', 'हेआगा सब्रागा' नाही. चांगल्या किमतीत म्हणजे 'हेआ हिन्नागा', सेलच्या बोर्डावर दिसेल. हे जे थांबण्याचं रूप आहे ते इथलं षष्ठीचं रूप, आणि 'हेआ'च्या बाबतीत ते मूळ रूपासारखंच आहे म्हणून फरक दिसत नाही, दुसऱ्या विशेषणांना दिसतो. तर चांगल्या घरातला 'स' दोनदा पण चांगल्या मित्राबरोबरचा 'गा' एकदाच. फ्रेंच किंवा जर्मन माणसाला ही भानगड समजावताना शिक्षकांना कष्ट पडतात, आपल्याला 'सामान्यरूप' एवढं म्हटलं की विषय संपतो.

अजून एक खाच. 'हेआद' हे जे रूप शुभेच्छांत शिकलो ते दिसायला अगदी तसंच साध्या अनेकवचनाचं पण आहे. 'हेआद सब्राद' म्हणजे चांगले मित्र, 'काक्स हेआद सप्रा' म्हणजे दोन चांगले मित्र. दुसऱ्यात आकड्यानंतर एकवचनी ओसास्ताव येतो, हो, दोन असूनही एकवचन, त्याला इलाज नाही. फरक ओळखायचा तो 'हेआद' वरून नाही, मागच्या नामावरून. नकारातही तेच, 'सीन एइ ओले हेआद कोह्वि', इथे चांगली कॉफी नाही. पण 'से कोह्व एइ ओले हेआ', ही कॉफी चांगली नाही. पहिल्यात चांगली कॉफी इथे मिळतच नाही, दुसऱ्यात समोरची ही कॉफी बेकार.

पायरी ४: कसं चाललंय ला 'हेआ' म्हणू नका

कोणी 'कुइदास लॅहेब' विचारलं, कसं चाललंय, तर उत्तर 'हॅस्ति', म्हणजे चांगलं, छान, पण क्रियाविशेषण. मराठीत 'चांगला मुलगा' आणि 'चांगला गातो' दोन्हीकडे चांगला चालून जातं, इथे नाही चालत. वस्तू, माणूस, जेवण चांगलं असेल तर हेआ, काम चांगलं होतंय, गाडी चांगली चालतेय तर हॅस्ति. बोलीत हॅस्तिचा अर्थ 'खूप' असा पण होतो, 'हॅस्ति हेआ' म्हणजे खूपच छान, 'हॅस्ति पालयु' म्हणजे पुष्कळ. फक्त तू छान दिसतेस म्हणताना 'सा नॅएद हेआ वॅल्या', तिथे हेआच.

आनंद झाला म्हणायचं तर 'मुल ओन हेआ मेएल', शब्दशः माझ्याकडे चांगलं मन आहे. 'मला आनंद आहे' मधे जसा आपण 'मी' ऐवजी 'मला' घेतो तसंच काहीसं, त्यामुळे हे पटकन बसतं. आणि कोणी मदत करशील का विचारलं तर 'हेआमेएलेगा', आनंदाने.

पायरी ५: पारेम आणि पारिम

हेआचं 'अधिक चांगला' नियमात बसत नाही, ते 'पारेम'. सगळ्यात चांगला म्हणजे 'पारिम' किंवा 'कइगे पारेम', दोन्ही बरोबर. पण गंमत म्हणजे पारेमचा दुसरा अर्थ उजवा. उजवीकडे आहे म्हणायला 'पारेमाल', उजवीकडे वळा म्हणायला 'पारेमाले', डावीकडे 'वासाकुले'. टॅक्सीत बसलात आणि ड्रायव्हरला सांगायचंय तर 'पालुन सीत पारेमाले', इथून उजवीकडे प्लीज. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, 'धाकटा अभ्यासात उजवा आहे' आपण म्हणतोच की, आणि डावं-उजवं करणं पण आहे. डोक्यात तोच धागा ठेवा, विसरणार नाही.

सल्ला देताना पण पारेम येतं. 'पारेम मिने कोयु', घरी गेलेलं बरं. 'पारेम कार्ता कुइ काहेत्सेदा', पस्तावण्यापेक्षा घाबरलेलं बरं, ही म्हण फेब्रुवारीत फुटपाथवर बर्फाची काच झालेली असते तेव्हा फार ऐकू येते.

पारिम मात्र खिशाला लागतं. सुपरमार्केटात बिस्किटाच्या पुड्यावर, तांदळाच्या पाकिटावर, चॉकलेटवर 'पारिम एन्ने' आणि पुढे तारीख असते. अर्थ, या तारखेच्या आधी उत्तम. तारीख गेली म्हणजे माल खराब झाला असं नाही, चव थोडी उतरली असेल इतकंच, आणि म्हणून असा माल कधी कधी कमी किमतीत ठेवलेला असतो, घ्यायला हरकत नाही. पण खिमा, ताजे मासे, अशा लवकर नासणाऱ्या गोष्टींवर 'कल्ब्लिक कुनि' असतं, म्हणजे या तारखेपर्यंतच खाण्याजोगं, त्यानंतर खाऊ नका, स्वस्त मिळालं म्हणून तर अजिबातच नाही. नवीन आलेले विद्यार्थी दोन्हीला एक्सपायरी डेट समजतात आणि एक तर चांगला माल फेकतात नाहीतर उलटं करतात. पाकिट उलटं करून पहिला शब्द वाचा, पी ने सुरू होतोय की के ने, एवढं बघितलं तरी झालं.

पायरी ६: हेआ किती चांगला, हे पण बघा

युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर 'हेआ' दिसलं म्हणून लगेच घरी फोन करू नका. तिथे ए म्हणजे 'सूरेपॅराने', बी म्हणजे 'वॅगा हेआ' आणि 'हेआ' म्हणजे सी. पास आहात, ठीक आहे, पण टॉप नाही. मुलं इथल्या शाळेत असतील तर तिथली मोजणी ५ पर्यंत, ५ ला 'वॅगा हेआ' आणि ४ ला 'हेआ'. म्हणजे एकच शब्द शाळेत दुसऱ्या नंबरचा ग्रेड आणि कॉलेजात तिसऱ्या.

बोलताना उलट आहे. एस्टोनियन माणूस कौतुकाला हात आखडताच घेतो, त्यामुळे नुसतं साधं 'हेआ' मिळालं तरी ते मनापासून असतं. 'तॅइत्सा हेआ' म्हणजे एकदम चांगलं. 'पोले पाहा', वाईट नाही, हे ऐकून तोंड पाडू नका, बऱ्याचदा ती चक्क तारीफ असते. आपल्याकडे कोकणातले आजोबा पहिल्या वाफेचा मासा खाऊन 'बरा आहे' म्हणतात आणि दुसरी तुकडी मागतात, हे त्याच जातीचं. तुम्ही बिर्याणी करून ऑफिसात नेलीत आणि कोणी 'पोले पाहा' म्हणून परत वाढून घेतलं तर समजून जा.

आणि शाब्बास म्हणायचं असेल तर 'हेआ' नाही, 'तुब्लि'. पोराने जॅकेटची चेन स्वतः लावली, तुब्लि. तुम्ही तोडकंमोडकं एस्टोनियन बोललात, 'ओलेद तुब्लि'. हेआ हा गुण आहे, तुब्लि ही मेहनतीला दिलेली थाप, कष्टाळू, नेटका, धडपड्या असा सगळा अर्थ त्यात येतो. नवीन माणसाला इथे हे कौतुक मिळतं भरपूर, कारण जगात ही भाषा बोलणारे सुमारे ११ लाखच लोक आहेत, बाहेरचा कोणी शिकतोय याचं त्यांना अप्रूप असतं.

पायरी ७: विनंती, ईमेल वगैरे

'ओले हेआ या आवा आकेन', जरा खिडकी उघडतोस का, शब्दशः चांगला हो आणि खिडकी उघड. अनोळखी माणसाला, साहेबाला 'ओल्गे हेआ', आणि समोर अनेकजण असतील तर 'ओल्गे हेआद'. म्हणजे आदरार्थी बोलताना क्रियापद अनेकवचनी पण माणूस एकच असेल तर विशेषण एकवचनी. आपल्याकडे 'सर चांगले आहेत' म्हणताना विशेषण पण आदरार्थी अनेकवचनात जातं, इथे जात नाही. जड वाटत असेल तर 'पालुन' वापरा, प्लीज, ते सगळीकडे चालतं.

'हेआ क्यूल' हे दोन शब्द एकत्र आले की अर्थ बरं, ठीक आहे. सूर बघायचा पण, लांबवून म्हटलं तर 'बरं बाबा, तू म्हणशील तसं' असा निघतो.

ईमेलची सुरवात 'हेआ' आणि पुढे पहिलं नाव, ही ओळखीतली पण सभ्य. सगळ्या टीमला 'हेआद कोल्लेएगिद'. शाळेतून पालकांना येणारी पत्रंसुद्धा 'हेआद लाप्सेवानेमाद' अशी सुरू होतात. सरकारी किंवा अनोळखी पत्राला 'लुगुपेएतुद', आपल्या 'माननीय'च्या जागी. 'काल्लिस' मात्र जपून, ते खरंच जवळच्या माणसासाठी, बायको, आई, जिवलग मैत्रीण. इंग्रजी पत्रातल्या सवयीने मॅनेजरला काल्लिस लिहू नका, त्याचा दुसरा अर्थ महाग असा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अवघड. शेवटी 'पारिमाते सोविदेगा', सर्वोत्तम शुभेच्छांसह, यात पारिमचं अनेकवचन आलंय आणि 'गा' फक्त दुसऱ्या शब्दाला, पायरी ३ मधला नियम तुमच्या सहीच्या वर रोज दिसेल.

अर्जाच्या कामात 'हेआक्स कीतमा' दिसलं तर मंजूर करणे. तुमच्या कुठल्याही अर्जाच्या पुढे 'हेआक्स कीदेतुद' आलं म्हणजे काम झालं.

हेआचा एक जुना भाऊबंद आहे 'ह्यूवा', फिनिशमधला चांगला याच मुळाचा. त्यातून आलेला 'ह्यूवास्ति' हा शब्द डिक्शनरीत निरोपाचा म्हणून सापडतो, पण तो फार काळासाठी किंवा कायमचं जाताना म्हणतात. दूध आणि पाव घेऊन कॅशियरला ह्यूवास्ति म्हणालात तर ती दचकून बघेल, तिथे 'हेआद आएगा'च.

अडलात तर 'सनावेब' उघडा, एस्टोनियन भाषा संस्थेचा फुकट ऑनलाइन शब्दकोश. त्यात 'हेआस', 'हॅइद', जे रूप दिसलं ते तसंच टाकायचं, मूळ शब्द तो शोधून देतो, सगळी रूपं खाली असतात आणि उच्चार ऐकायला पण मिळतो. कोर्स हवा असेल तर 'केएलेक्लिक्क' फुकट आहे, इंग्रजीतून शिकता येतो, अगदी पहिल्या पातळीपासून. आणि समोरचा तुमचं एस्टोनियन ऐकून लगेच इंग्रजीवर गेला, जातातच ते, तर तुम्ही मात्र 'एएस्ति केएलेस, पालुन' म्हणा, एस्टोनियनमधे प्लीज. शंभरातले बरेचजण हसून परत येतात, आणि येताना सावकाश बोलतात.